विमानाच्या टायरवरचा ऊस

शहाद्याच्या रस्त्यावर ऊस वाहणारा तो गाडीवान मला हंगामभर भेटतो; नाव मी कधी विचारलं नाही. त्याच्या बैलगाडीला भंगारातून आणलेले विमानाचे टायर आहेत. त्यांच्या खाचा केव्हाच झिजून गुळगुळीत झाल्यात, पण ह्याची ऐट वैमानिकाची.

"विमानना टायर शे, भाऊ! रस्ता वल्ला राहो का कोरडा!"

असं म्हणतो, आणि प्रत्येक उतारापाशी खाली उतरून अनवाणी टाच डांबरावर घासून बघतो.

परवा अवकाळी सर येऊन गेली. पुलाकडच्या उतारावर त्याची टाच सर्रकन घसरली. भरली गाडी तशीच सोडली असती, तर सगळा भार बैलांच्या मानेवर आला असता. त्याने उसावर आवळलेला दोर सोडला आणि मोळ्या रस्त्याकडेला टाकायला लागला.

मी मोटारसायकल थांबवली. "काय दादा, टायरवर भरवसा नही का?"

"विमानबी उतराना पहिले तेल फेकी देस!"

रिकामी गाडी त्याने हळूच खाली नेली. मग एकेक मोळी डोक्यावर घेऊन स्वतः उतार उतरत राहिला. बैल खाली निवांत रवंथ करत उभे. शेवटची मोळी रचून, धापा टाकत त्याने टायरवर थाप मारली.

"दखं भाऊ, जराबी घसरना नही!"