आजाऱ्याच्या हातात झांजा

चिमणाबाई आवळेला बसून राहायचं वावडं होतं. मार्केट यार्डात गुळाच्या ढेपांना बारदान शिवतानासुद्धा तिचा एक पाय हलत असायचा, आणि तोंड त्याहून जास्त. मुकादम एखाद्या पोरीला वेडंवाकडं बोलला की बाकीच्या बायका खाली बघायच्या. ही दाभण हातात घेऊनच उठायची. "काय म्हनलासा? जरा मोठ्यानं बोला की, समद्यास्नी ऐकू द्या."

अशी बाई देवाची गाणी गाऊन शांत होत असेल, असं कुणाला वाटेल. शांतीसाठी ती भजनाला जातच नव्हती. गलक्यासाठी जायची. एकट्या माणसाचं रडणं कुणाला ऐकू जात नाही, वीस माणसांचं गाणं गल्लीला ऐकावंच लागतं, एवढं तिला कळलेलं होतं, आणि ते शिकायला तिला कुठल्या शाळेत जावं लागलं नव्हतं.

रेल्वे फाटकाजवळच्या लहानशा चर्चची ती भजनी मंडळी. पेटीवर मिशन शाळेतले आण्णा मास्तर, पुढं चिमणाबाईचा उंच, किंचित फाटलेला आवाज, मागं गवंडी, हमाल, दवाखान्यातल्या आया. आणि ढोलकीवर निसार मुलाणी. उद्यमनगरातल्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला असलेला हा गडी सुट्टीच्या दिवशी पत्रे ठोकायचा. चर्चचं गळकं छप्पर दुरुस्त करायला चढला होता, खाली ठेका चुकतोय हे सहन झालं नाही म्हणून उतरला, तो पुढं कित्येक वर्षं उतरलेलाच राहिला. तो अल्लाला मानायचा, मंडळी येशूला, आणि ताल चुकला तर दोघांचीही खैर नसायची.

मंडळीची एक रीत होती. कुणी आजारी पडलं की त्याच्या घरी जाऊन गायचं. पण आधी झांजांची जोडी आजाऱ्याच्या हातात द्यायची. तो वाजवेल त्या चालीनं गाणं जाणार, तो थांबला की गाणं थांबणार. धोंडुबाईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा ती एक झांज नुसती छातीवर ठेवून बोटानं टिचकी मारायची. दोन टिचक्यांच्या मधे चहा पिऊन व्हायचा. पण मंडळी थांबायची. निसार ढोलकीवर हात अधांतरी धरून म्हातारीच्या बोटाकडं बघत बसायचा, आणि टिचकी पडली की बरोबर तिच्यावर थाप टाकायचा. डॉक्टरनं आशा सोडलेली धोंडुबाई पुढं काठी टेकत मंडळीत आली.

सत्तर सालच्या उन्हाळ्यात निसारचा डावा हात प्रेसमधे गेला. तीन बोटं गेली. मालक म्हणाला, कामगाराची नजर हटली. मशीनला जाळी नव्हती, हे कुणी म्हटलं नाही. म्हटलं ते चिमणाबाईनं, कारखान्याच्या दारात उभं राहून, मालकाची गाडी अडवून. मालकानं काच वर केली. ती तशीच काचेशी भांडत राहिली.

त्यानं निसारला काय मिळालं? काही नाही. तो घरी भिंतीकडं तोंड करून पडून होता. जेवणाचं ताट जसं जायचं तसं परत यायचं. बायकोशी बोलत नव्हता. चिमणाबाईला शिवताना दाभण बोटात घुसायची, मग तिला त्याचीच बोटं आठवायची, मग ती काम टाकून उठायची आणि परत बसायची.

"मास्तर, निसारकडं कवा जायचं?" तिनं गाण्याच्या तालमीला विचारलं.

आण्णा मास्तर पेटीचा भाता पुसत होते. "बोलावल्याशिवाय आपण कुणाकडे जात नाही, चिमणाबाई. त्यात ते मुसलमानाचं घर. उद्या कुणी म्हणेल, हात तुटलेल्या माणसाला बाटवायला आले."

"इतकी वर्सं त्यो आपल्यात ढोलकी बडवतोय, तवा कोन बाटलं? तुमी का मी?"

"तसं नव्हे. रीत म्हणून..."

"रीत! त्यो भिंतीकडं तोंड करून पडलाय. भिंत बोलवाय येणार हाय व्हय तुमास्नी?"

तरी मास्तर हलले नाहीत. तेव्हा ती तरातरा निसारच्या घरी गेली आणि त्याच्या बायकोला, मेहमुदाला, दारातच गाठलं. "मला बोलीव."

मेहमुदा घाबरली. "काय म्हन्ता, आक्का?"

"मंडळीला बोलीव. तुज्या तोंडानं. मास्तर बोलावल्याबिगर येत न्हाईत."

मेहमुदानं आत बघितलं. पडद्याआड खाट करकरली. "लोकांचं काय बी असू दे," ती हळूच म्हणाली. "ह्यांनी माज्यावर वरडावं एवढंच मला पायजे. या तुमी. समदी या."

रविवारी दुपारी मंडळी गेली. घर एवढंसं. अर्धी माणसं बोळात उभी राहिली. मंडळीची ढोलकी निसारच्याच घरी असायची; ती खुंटीवरून आकाराम हमालानं काढली. पोतं उचलावं तशी गळ्यात घातली. निसार वळला नाही. मास्तरांनी सूर धरला. चिमणाबाईच्या अंगात सगळ्या दिवसांची घाई साठली होती. तिनं पिशवीतून झांजा काढल्या, खाटेशी वाकली, आणि जशा आजवर प्रत्येक आजाऱ्याच्या हातात दिल्या तशा त्याच्या हातात कोंबल्या. एक उजव्या हातात. दुसरी डाव्या.

डाव्या हाताला पट्टी होती. झांजेची दोरी धरायला लागणारी बोटंच त्यात उरली नव्हती. झांज फरशीवर पडली आणि गरगरत राहिली.

निसार उठून बसला. पट्टीचा हात त्यानं तिच्या तोंडापुढं धरला. "घे, आक्का. वाजीव म्हनतीस न्हवं? वाजीवतो. बग कसा वाजतोय!" आणि दुसरी झांज त्यानं अशी भिरकावली की बोळातली माणसं मागं सरली.

मुकादमाला, मालकाला, मास्तरांना पुरून उरलेली चिमणाबाई गुडघ्यावर बसून फरशीवरची झांज उचलू लागली. मास्तरांनी पेटी मिटली. आकारामनं ढोलकी परत खुंटीला लावली. कुणी गायलं नाही. बाहेर आल्यावर मास्तर तिला एक शब्द बोलले नाहीत, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर तिला परत देता तरी आल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी यार्डातून सुटल्यावर ती परत गेली. मेहमुदा चुलीपाशी होती. "काल वरडलं," ती म्हणाली, "आन् सांच्याला अर्धी भाकरी खाल्ली."

निसार खाटेवर बसला होता. तिच्याकडं न बघता म्हणाला, "ढोलकी तुमची हाय. घिऊन जा."

तो मंडळीतून आपलं नाव कमी करत होता. तिला ते लख्ख कळलं. ढोलकी एकदा घराबाहेर गेली की निसारही गेला.

"मी न्हाय नेणार."

"मग चुलीतल्या इस्तवात घालू?"

"घाल. न्हाय तर सोता आनून दे. मी हमाल न्हाय तुजी."

"येऊन काय करू, आक्का? आकारामच्या तोंडाकडं बघू? त्यो ठेका धरतोय का गाडा ढकलतोय, कळत न्हाय."

"मग गा."

निसार कडवट हसला. "मला गळा न्हाय."

"मी कवा म्हनलं हाय म्हनून? गा, एवढंच म्हनलं." आणि तिथून उठताना तिनं अडखळत, त्याच्याकडं न बघता म्हटलं, "काल माजं चुकलं. हात सवयीनं गेला." एवढं बोलून ती इतक्या जोरात चालत गेली की चप्पल मागं राहिली, आणि ती घ्यायला परत यावं लागलं.

पुढच्या तालमीला निसार आला. ढोलकी उजव्या खांद्याला, डावा हात सदऱ्यात लपवलेला. ढोलकी आकारामपुढं ठेवली आणि दारात जाऊन उभा राहिला. ना आत, ना बाहेर. कुणी "ये" म्हणायचं धाडस केलं नाही. चिमणाबाईनं डोळे मिटून गाणं उचललं. आकारामनं ठेका चुकवला. निसारनं पाय आपटला, आणि वळला. जायलाच निघाला होता.

तिनं गाणं सोडलं नाही. उलट आवाज चढवला, एवढा की तो फाटला.

आणि दारातून दुसरा आवाज आला. जाडाभरडा, पत्र्यावर हातोडा मारावा तसा, सुरापासून कोसभर लांब. सगळ्यांनी माना वळवल्या. मास्तरांचा भाता थांबला. निसार लालेलाल झाला होता, पण गात होता. सगळे शब्द त्याला पाठ होते.

आता याला कुणी टाळ्या वाजवल्या असत्या, कुणी डोळ्याला पदर लावला असता, तर तो पुन्हा कधी आला नसता. चिमणाबाईनं डोळे उघडले आणि खेकसली, "निसार! सूर कुठं, तू कुठं? खाली घे. आन् दारात हुबा ऱ्हाऊ नगंस, वारं आडतंय."

"आक्का, मला हितनंच जमतंय—"

"जमत न्हाय म्हनून तर सांगतीय. आत बस."

तो आत आला. आकारामला कोपरानं सरकवून मास्तरांच्या बाजूला बसला, पट्टीचा हात मांडीवर ठेवला. मास्तरांनी त्याला सूर दिला. गाणं पहिल्यापासून सुरू झालं, आणि दुसऱ्याच ओळीला तो पुन्हा घसरला.

"परत," चिमणाबाई म्हणाली.