चव न घेता केलेली सही

म्हादू गेल्याचं मला मोबाईलवरच्या एका संदेशातून कळलं. आमच्या जुन्या कंपनीतल्या माजी सैनिकांचा एक गट आहे. सकाळचा चहा घेताना मी तो उघडला, तर कुणीतरी लिहिलं होतं, ‘कोडोलीचा म्हादू लांगरी काल दुपारी वारला. झटका आला.’ लांगरी म्हणजे पलटणीतला स्वयंपाकी. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मग एकाने लिहिलं होतं, ‘देव त्याच्या आत्म्याला शांती देवो, पण दसऱ्याचं मटण काही विसरायचो नाही!’ आणि त्याखाली हसणारी तोंडं. मी मोजली नाहीत. माणूस जाऊन अजून एक दिवस झाला नव्हता, राख गरम होती, आणि त्याने ज्यांना सोमालियात रोज दोन वेळा रांधून वाढलं ती माणसं हसत होती. मला इतका संताप आला की कपातला चहा तसाच राहिला. पण मी त्या गटावर एक अक्षर लिहिलं नाही. का लिहिलं नाही, हेच आज सांगायचं आहे.

दहा दिवसांनी शोकसभा झाली. एका मंगल कार्यालयातल्या लहान खोलीत पंधरा-वीस जण जमलो होतो. भिंतीला टेकवलेला म्हादूचा फोटो, हार, उदबत्ती. बोलायला उभे राहिलेले गृहस्थ आमच्यातले सर्वांत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांनी सुरुवात परदेशातल्या त्या वर्षापासून केली, आणि सगळ्यांचे चेहरे उजळले. आमचं हे नेहमीचंच आहे. जमलो की सोमालिया. तिथली माणसं शेवयांसारखा लांब पास्ता मटणाच्या रश्शात कालवून वर केळं कुस्करून खायची. उंटिणीच्या दुधाचा वेलदोडा घातलेला गोड चहा. डब्यातली मासळी. शनिवारची रम आणि तिच्यात पिळायला लिंबू मिळेना म्हणून एकाने घातलेला लोणच्याचा खार... या गोष्टी आम्ही इतक्या वेळा सांगितल्यात की आता कोण कुठे हसणार तेही ठरलेलं असतं. त्या ओघात गृहस्थ म्हणाले, “आणि आमच्या म्हादूनं दसऱ्याला आख्ख्या कंपनीला सीमोल्लंघन घडवलं. चाळीस गडी रांगेनं संडासला!” खोलीत हशा पिकला. पहिल्या रांगेत म्हादूची बायको सुलावहिनी बसली होती. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि जमिनीकडे बघत राहिली. मी तिच्यामागेच बसलो होतो. उठून त्या माणसाच्या हातातला माईक काढून घ्यावा असं वाटलं, आणि मी पाय जवळ घेऊन बसून राहिलो. बत्तीस वर्षं मी असाच बसून राहिलो आहे.

शांतिसेनेत सोमालियाला गेलो तेव्हा मी कंपनीचा मेस हवालदार होतो. रसद उतरवून घेणं, साठा सांभाळणं आणि लांगऱ्यांवर नजर ठेवणं हे माझं काम. मी पेठ वडगावचा, म्हादू कोडोलीचा, म्हणजे त्या मुलखात आम्ही शेजारीच. तो मला अण्णा म्हणायचा. निघताना त्याने सामानात कपड्यांपेक्षा कांदा-लसूण चटणी जास्त भरली होती. त्या चटणीच्या जोरावर त्याने काय काय केलं! डब्यातली मासळी लोकांना तोंडात धरवेना, तिचं त्याने परतून सुकं केलं. रसदीत पास्ताची पोती यायची. त्याने पास्ता मोडून, तुपावर भाजून त्याचं उपीट केलं. छावणीच्या फाटकाबाहेर हलिमा नावाची एक बाई चहा आणि आंबोळीसारखी जाळीदार भाकरी विकायची. हातवारे करून म्हादूने तिच्याकडून ती शिकून घेतली आणि तिला आपल्या चटणीची पुडी दिली. दुसऱ्या दिवशी ती जीभ बाहेर काढून त्याला मारायला धावली, आणि तिसऱ्या दिवशी आणखी मागायला आली. शेजारच्या छावणीतले दुसऱ्या देशांचे शिपाई वास काढत आमच्याकडे यायचे. म्हादू त्यांना मराठीतच सांगायचा, “बसा पावणं, बसा. तिकाट हाय, पर मरत न्हाई कोन.” हे कुणी शोकसभेत सांगितलं नाही.

आता दसऱ्याचं. खंडेनवमीला सकाळी बोकडं कापली. मटण दुसऱ्या दिवशीच्या जेवणासाठी थंड कंटेनरात ठेवलं. हा कंटेनर जनरेटरवर चालायचा आणि त्याची लाइन कुठल्याही कारणाने बंद करायची नाही, असा सक्त नियम होता. त्याच सकाळी टपालातून एक व्हिडिओ कॅसेट आली. आमच्या भागातल्या घरच्यांनी एका शाळेच्या पटांगणात जमून ती भरून पाठवली होती. एकेक जण पुढे येऊन कॅमेऱ्यात बघून बोलत होता. सहा महिने आम्ही कुणाचा चेहरा पाहिला नव्हता. टीव्ही, व्हिडिओ आणि कंटेनर एकदम लावले की जनरेटर बसायचा. जेवणानंतर मी माझ्या हाताने कंटेनरची लाइन काढली आणि टीव्हीला जोडली. अर्ध्या तासाची तर गोष्ट, म्हटलं. पण कॅसेटमध्ये माझी सात वर्षांची मुलगी होती. तिने हात बांधून कविता म्हटली आणि मध्येच विसरून आईकडे बघितलं. मी ती तेवढीच जागा पुन्हा पुन्हा मागे घेऊन पाहिली. इतरांनीही आपापल्या माणसांसाठी तसंच केलं. लाइन परत जोडली तेव्हा पाच वाजून गेले होते. बाहेर उन्हात पत्र्याला हात लावता येत नव्हता.

म्हादू तेव्हा दुसऱ्या दिवशीचं वाटण वाटत होता. “तू मागनं बघ, कॅसेट कुठं पळून जात न्हाई,” असं मी त्याला सांगितलं होतं.

कॅसेटमध्ये त्याची आई होती. नऊवारी, कपाळाला ठसठशीत कुंकू, आणि कॅमेऱ्याकडे न बघता बाजूच्या कुणाकडे तरी बघत ती म्हणाली, “म्हाद्या, मानसास्नी पोटभर घाल. कुनाला उपाशी ठिवू नगंस. मी बरी हाय.” एवढंच. ती बाजूला झाली आणि पुन्हा परत येऊन म्हणाली, “तू बी जेवत जा.” सगळे हसले होते. मीही हसलो होतो.

दसऱ्याला सकाळी म्हादू माझ्या तंबूत आला. “अण्णा, मटनाला वास हाय.”

“बोकडाचा असंल.”

“बोकडाचा वास मला कळत न्हाई व्हय? ह्यो येगळा हाय. आज उसळ करतो. ऱ्हाऊ दे मटन.”

“वरसाचा सण हाय, म्हादू. पोरं बोंबलतील. मसाला जरा चढता घाल, काय हुत न्हाई. हुकूम समज.”

तो म्हणाला, “हुकूम हाय तर शिजवतो. पर आदी चव कोन घेनार?”

कुठल्याही पलटणीत जेवण वाढण्यापूर्वी जबाबदार माणसाने चव घ्यायची आणि वहीत सही करायची पद्धत असते. ती जबाबदारी माझी होती. आणि माझा नवरात्राचा उपवास होता. आमच्या घरात दसऱ्याला सोनं लुटून संध्याकाळीच तो सोडतात. नऊ दिवस म्हादूने मला घरून आणलेले वरीचे तांदूळ रांधून दिले होते, तिथली केळी सोलून दिली होती. दुसऱ्या कुणाला तरी चव घ्यायला बोलवायचं एवढंच काम होतं. मी ते केलं नाही. वही ओढली आणि लिहिलं, ‘चव घेतली. जेवण उत्तम.’ खाली सही केली. खरं सांगायचं तर लाइन बंद होती हे मला त्या क्षणी आठवत होतं. आठवत होतं म्हणूनच दुसऱ्या कुणाला बोलवलं नाही.

दुपारनंतर चाळीसेक जण आडवे झाले. कुणी दगावलं नाही, पण दुसऱ्या दिवशीची गस्त रद्द झाली आणि परक्या देशात आपल्या पलटणीची शोभा झाली. चौकशी बसली. अधिकाऱ्यांनी वही मागवली. वहीत माझी सही, म्हणजे चव घेतली तेव्हा जेवण चांगलं होतं, म्हणजे जे बिघडलं ते नंतर आणि स्वयंपाकघरात. इतकं ते सरळ होतं. मला विचारलं, “लांगऱ्याने वास येतो अशी तक्रार केली होती?” मी म्हटलं, “नाही साहेब.” जनरेटरचं कुणी विचारलं नाही. कॅसेट बघणाऱ्या सगळ्यांना लाइनचं माहीत होतं. त्यांतल्या एकानेही तोंड उघडलं नाही, आणि तीच माणसं आज हसतात. आठवड्याभरात म्हादूला पहिल्या विमानाने परत पाठवलं. नाईकपदाच्या बढतीची फीत त्याच्या दंडावर लागायची होती, ती कधीच लागली नाही. पुढच्या महिन्यात मला शाबासकीचं पत्र मिळालं, मेस उत्तम चालवल्याबद्दल. ते आमच्या दिवाणखान्यात फ्रेम करून लावलेलं होतं... गेल्या आठवड्यापर्यंत.

साधाच शिपाई म्हणून निवृत्त होऊन म्हादूने कोडोलीत एसटी थांब्याजवळ खानावळ काढली. चार बाकं, एक चूल. तिच्याही आधी गावात ती गोष्ट पोचली होती. लोक तोंडावर विचारायचे, “काय म्हादबा, आज सगळी घरी पोचत्याली न्हवं?” मग त्याने एक सवय लावून घेतली. ताट गिऱ्हाइकापुढे ठेवण्याआधी पातेल्यातला एक घास स्वतः उभ्याने खायचा, गिऱ्हाइकाला दिसेल असा, आणि म्हणायचा, “उतरला घास. आता बसा.” रोज, दोन्ही वेळा, शेवटपर्यंत. लोकांना ती गंमत वाटायची. नव्या पावण्यांना मुद्दाम दाखवायला आणायचे. इतकी वर्षं एक माणूस दिवसातून दोनदा स्वतःची साक्ष देत होता आणि ती कुणाला कळत नव्हती.

मी तिथे पाऊल टाकायला अकरा वर्षं लावली. त्या दिवशी गर्दी ओसरल्यावर आम्ही दोघंच बाकावर बसलो होतो. मी विचारलं, “म्हादू, माजा उपास हुता हे तुला ठावं हुतं. चौकशीत तेवडं एक बोलला असतास तर माजी सही तितंच खोटी पडली असती. का न्हाई बोललास?”

तो म्हणाला, “अण्णा, देवीचा उपास तुमचा. तुमी मटन चाकलं म्हनून लिवलं. आता मी सायबापुढं उबा ऱ्हाऊन त्यात देवीला ओढू? मला वाटलं, हे तुमीच सांगशिला.”

मग तो उठून ताटं विसळायला लागला. मला त्याने शिवी दिली असती तर मी आज कदाचित हे लिहिलं नसतं. त्या दिवशीसुद्धा जनरेटरचं मी त्याला सांगितलं नाही. आणि जनरेटरचं सांगायचं नाही म्हणून कॅसेटचंही नाही, आणि म्हणून त्याची आई काय म्हणाली होती तेही नाही. आधी दसऱ्याची गडबड, मग चौकशी, यात ती कॅसेट त्याने कधी पाहिली नाही. पुढे ती कुठे गेली कुणास ठाऊक. त्याच्या आईचं ते बोलणं बत्तीस वर्षं माझ्याकडे राहिलं, त्याला न देता.

शोकसभेनंतर चौथ्या दिवशी मी कोडोलीला गेलो. सुलावहिनीने खानावळ पुन्हा सुरू केली होती. सकाळचे अकरा वाजले होते, चुलीवर रस्सा उकळत होता. मी तिला सगळं सांगितलं, उभ्यानेच. जनरेटर, सही, साक्ष, कॅसेट. ती कांदा चिरत होती. चिरायची थांबली नाही.

“उपासाचं मला ठावं हुतं,” ती म्हणाली. “त्यांनी सांगितलं हुतं. बाकीचं न्हाई.” मग सुरी खाली ठेवून म्हणाली, “भावजी, बत्तीस वरसं काय करत हुतासा?”

“बसून ऱ्हायलो,” मी म्हटलं.

“आत्या काय म्हनल्या हुत्या, परत सांगा.” सासूला ती आत्या म्हणायची.

मी सांगितलं. मानसास्नी पोटभर घाल. कुनाला उपाशी ठिवू नगंस. तू बी जेवत जा.

तिने पदराने डोळे पुसले आणि चुलीकडे वळली. मी परत येऊन पलटणीच्या कचेरीला हे सगळं लिहून, सही करून पत्र पाठवलं आहे. उत्तर येईल, न येईल. त्या मोबाईलच्या गटावर सगळं लिहून टाकलं, तेव्हा दोघांनी मला फोन केला. “आता हे उकरून काय मिळणार अण्णा, माणूस गेला की.” माणूस गेला म्हणून खोटं राहू द्यायचं? कॅसेट बघायला तुम्हीही बसला होतात, एवढंच मी त्यांना म्हटलं. म्हणून इथेही लिहितो, ज्यांनी ज्यांनी ती गंमत ऐकली आणि पुढे सांगितली त्यांच्यासाठी. कोडोलीच्या म्हादूने वास ओळखला होता. त्याने सांगितलं होतं. त्याला शिजवायला मी लावलं.

त्या दिवशी मी खानावळीतून निघालो तेव्हा थांब्यावर एसटी लागली आणि चार-पाच माणसं आत येऊन बाकांवर बसली. त्यांतल्या एकाने सवयीने विचारलं, “वैनी, आता पैला घास कोन खानार?” सुलावहिनीने एका ताटलीत भाकरीचा तुकडा आणि रस्सा घेतला आणि माझ्यापुढे धरला. “तुमी खावा. हितं, हेंच्या म्होरं. चव घ्या आनि मग सांगा.”

मी उभ्याने घास घेतला. तिखट होतं, डोळ्यांतून पाणी आलं. सगळे माझ्याकडे बघत होते.

“उतरला घास,” मी म्हटलं. “बसा.”

आता रोज सकाळी मी वडगावहून कोडोलीची साडेदहाची एसटी पकडतो.