डबी वाजवली की द्यायचं

तिसरीत शाळा सोडली मी, पण जनावर शिकवायचं मला कुणी शिकवू नये. निलंग्यापासून देगलूरपर्यंतचे लोक आपले गोऱ्हे माझ्या दारात आणून बांधायचे. कसलाही आडदांड लाल कंधारी गोऱ्हा असो, माझ्या चाबकापुढं औताला सरळ चालायचा. आणि आता माझ्याच घरात मला सांगतात, कुत्र्याला हात लावायचा नाही!

कुत्रा आमच्या आखाड्यावरचा, म्हणजे शेतातल्या घरावरचा. राखणीला एक नंबर, पण मोटारसायकल दिसली की डोकं फिरायचं. दूधवाल्याच्या मागं लागला. तो पडला, कोपर फुटलं, कॅनमधलं दूध मातीत गेलं. दुसऱ्या दिवशी दारात उभा राहून म्हणाला, "मामा, तुमच्या तोंडाकडं बघून आठ दिवस देतो. पुन्हा मागं लागला तर भाकरीत औषध घालीन. मग मला बोल लावू नका."

बांधून ठेवला तर अन्नाला तोंड लावत नव्हता. मी बडवला. तरी मोटारसायकलीमागं पळालाच, वर काठी बघून मलाच दात दाखवले.

नात उदगीरला जनावरांच्या डॉक्टरकीला शिकते, ती सुट्टीत आली होती. तिनं आधी माझी काठी माळ्यावर टाकली. मग खिशातून बोटभर डबी काढली. दाबली की टक्क वाजायची. टक्क, की उकडलेल्या अंड्याचा तुकडा. पुढं तिनं माझ्या लेकाला लांब गाडी चालू करायला लावलं. कुत्र्यानं गाडी सोडून तिच्याकडं बघितलं की टक्क, तुकडा.

"आबा, चुकून वाजली तरी तुकडा द्यायचाच. एवढा एकच नियम."

"माझ्या गोऱ्ह्यांनी कधी अंडी मागितली न्हाईत."

"त्यांना कुणी विचारलंच न्हाई."

लेक हसला. मला लई लागलं ते.

चौथ्या दिवशी ती गावात गेली तेव्हा मी डबी उचलली. हे थोतांड आहे हे दाखवायचंच होतं. टक्क. कुत्रा शेपूट हलवत पळत आला. मी मोकळे हात दाखवले. पुन्हा टक्क, पुन्हा आला. वीस-पंचवीस वेळा वाजवली. शेवटी तो बोरीखाली जाऊन पडला, कानसुद्धा हलवेना. ती आल्यावर मी डबी तिच्यापुढं फेकली. "घे, मेली तुझी डबी."

तिनं वाजवून बघितली. कुत्रा उठला नाही.

"डबी न्हाई मेली आबा. तुम्ही त्याच्याशी खोटं बोललात."

खोटं! जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून केलेला सौदा मी जन्मात मोडला नाही, आणि ही कालची पोर मला खोटारडा म्हणते! मी ओरडलो, ताट सरकवलं, जेवलो नाही. तिचं खरं होतं हे कळत होतं, म्हणून तर राग मावत नव्हता.

"मी सुट्टी संपली की जाणार," ती म्हणाली. "बिघडवलं तुम्ही, आता तुम्हीच बसा."

बसलो. टक्क वाजवायचं, तुकडा फेकायचा. जाणारे-येणारे दात काढायचे. "काय मामा, गोऱ्हे संपले वाटतं?" त्यांना शिव्या घातल्या, पण तुकडा एकही चुकवला नाही.

मुदतीच्या आठव्या दिवशी दूधवाला मुद्दाम हळू गाडी घेऊन आला. कुत्र्याच्या पाठीवरचे केस उभे राहिले. तो दोन उड्या पुढं गेला आणि थबकला. मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी डबी वाजवली. टक्क. तो माघारी फिरला, समोर येऊन बसला.

दूधवाल्यानं गाडी थांबवली. "औषधाचं राहू द्या मामा," म्हणाला आणि गेला.

मी तुकडा तळहातावर धरला. कुत्रा जवळ येईना. खाली टाकला तेव्हा खाल्ला. अजून तसंच करतो. लेकाच्या हातचं खातो, त्या दूधवाल्याच्यासुद्धा हातचं खातो हरामखोर. मी रोज आधी हात पुढं करून बघतो. मग खाली टाकतो.