बारशाआधीचं नाव

माझं भंडाऱ्यात औषधांचं दुकान आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून लोक पहिला प्रश्न हाच विचारतील, की हा माणूस करतो तरी काय! पंचवीस वर्षं काउंटरमागे उभा आहे. 'पोराले लागिर झालं' म्हणत आलेल्या कितीतरी बायांना मी ओआरएसची पाकिटं देऊन परत पाठवलंय, आणि त्यांची पोरं बरी झाली आहेत. आमच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच अंगारे-धुपारे घराबाहेर गेले. दुकानाचं उद्घाटन मी अमावस्या बघून केलं होतं... मुद्दाम. पेपरातल्या अशा गूढ अनुभवांच्या सदरांतले अनुभव बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो आणि दोघं मिळून हसायचो. आता कोणी माझ्यावर हसलं तर तक्रार करायला मला तोंड नाही.

सुरुवात घोरण्यापासून झाली. घोरणं म्हणजे साधंसुधं नाही, शेजारचे लोक सकाळी चौकशी करायचे. शेवटी नागपूरला जाऊन झोपेची तपासणी केली. झोपेत माझा श्वास वारंवार अडकतो असं निघालं. डॉक्टरांनी सीपॅप मशीन लिहून दिलं. नाकावर मास्क, डोक्यामागून पट्टे, आणि मास्कला लांब नळी, तिच्यातून सतत हवा. पहिल्यांदा लावलं तेव्हा बायको, सुनंदा, हसून हसून खाली बसली. "हत्ती दिसून राहिले जी तुमी!" म्हणाली. पण आठवड्याभरात मला बऱ्याच वर्षांनी झोप म्हणजे काय ते कळलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, दुपारची डुलकी असली तरी मशीन लावायचं. मी दोन ते चार दुकान बंद ठेवतो, तेव्हा जेवून तासभर पडायचो. तेही मशीन लावूनच.

तीनेक महिन्यांनी डाव्या कानात दडा बसायला लागला. नदीत बुडी मारून वर आल्यावर बसतो ना, तसा. जांभई दिली, नाक दाबून फुंकलं, तरी सुटेना. मग चक्कर. उठून बसलो की खोली डावीकडे कलायची आणि मीही तिच्याबरोबर. न्हाणीघर उजव्या हाताला, पण मी धडपडत पोचायचो डावीकडच्या अंगणात. तिथे भिंतीशी मायची मोगऱ्याची कुंडी आहे, तिचा काठ धरून उभा राहायचो.

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. नाकात दाबाने जाणारी हवा घशातून कानाकडे जाणाऱ्या नळीत चढते, म्हणून दडा, आणि कान बिघडला की तोल त्या बाजूला जातोच. प्रेशर थोडं कमी केलं, मशीनमध्ये वाफेसाठी पाणी ठेवायला सांगितलं, नाकात मारायचा स्प्रे दिला. तो स्प्रे मीच लोकांना विकतो, तेव्हा विश्वास न ठेवायचं कारण नव्हतं. इथपर्यंत सगळ्याला उत्तर आहे. हे नीट लक्षात ठेवा, कारण यापुढे नाही.

एका दुपारी जाग आली. मास्क नाकावर होता, हवा चालू होती, उजव्या कानाला बाहेर सुनंदा भांडी आवरताना ऐकू येत होती. डावा कान गच्च. आणि त्या गच्च कानात कोणीतरी एक नाव घेतलं.

हाक नव्हती ती. आपण तान्ह्या बाळाच्या कानाशी तोंड नेऊन बोलतो तसं, हळू, अगदी जवळून. तीन अक्षरी नाव... बाईचं. आमच्या घरात, नात्यात, गल्लीत त्या नावाची कोणी नाही. माझी अक्कल बघा, मला आधी वाटलं एखाद्या खोकल्याच्या औषधाचं नाव डोक्यात घोळतंय. दुकानात जाऊन कॉम्प्युटरवर शोधलंसुद्धा. तसं औषध नव्हतं.

दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. त्यानंतर रोज नाही, पण दडा पक्का बसला की हमखास. मशीनच्या हवेचा आवाज असा होतो का म्हणून मी मास्क काढून, लावून, नळी हलवून पाहिलं. सूं सूं... बस, तेवढंच. नाव यायचं ते फक्त कानात. भीती वाटायची का? खरं सांगतो, पहिले काही दिवस वाटायची. मग भीतीपेक्षा वाईट काहीतरी वाटायला लागलं. आपल्याला कोणी काही सोपवतंय आणि आपण बावळटासारखे बघतोय, असं.

सुनंदाला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "मायले विचारून पहा ना जी. जुन्या गावातली कोनी असंन."

आमचं जुनं गाव कारध्याच्या खालच्या अंगाला, वैनगंगेच्या काठी होतं. धरणाचं पाणी चढलं आणि गाव त्यात गेलं. त्याआधीच मी मायला भंडाऱ्याला माझ्याकडे आणलं होतं. आता ती अठ्ठ्याहत्तरची आहे, कानाने, डोळ्याने माझ्यापेक्षा धड.

मी संध्याकाळी दुकानात जायच्या आधी अंगणात गेलो. माय मोगऱ्याजवळ पाटावर बसून पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत होती. मी सहज विचारल्यासारखं ते नाव घेतलं. म्हटलं, "या नावाची कोनी होती का व माय आपल्या गावात?"

तिच्या हातातली शेंग अर्धी सोललेली तशीच राहिली.

"कोनं सांगतलं तुले?"

"कोनीच नाही. कानात आयकू येऊन राहिलं. मशीन लावून झोपलो का."

"कोनत्या कानात?"

मी डावा दाखवला. तिने शेंगांचं सूप बाजूला सारलं. "इकडं ये. माह्या कानात सांग पुन्यांदा. हळू सांग."

मी वाकून तिच्या कानात ते नाव सांगितलं. तिने डोळे मिटून घेतले.

मी सात वर्षांचा असताना मला एक बहीण झाली होती. नवव्या दिवशी गेली. आमच्याकडे बाराव्या दिवशी बारसं, आणि नाव बाळाच्या कानात आधी आत्या सांगणार. तोवर ते आईने मनात ठरवलेलं असलं तरी कोणाला सांगायचं नाही. आत्यालासुद्धा त्याच दिवशी, पाळण्यापाशी. तीन दिवस राहिले होते. बापाने तिला घरामागच्या सांदवाडीत, सीताफळाखाली पुरलं. बिननावाची. घरात तिचा उल्लेख 'ते लहान' असाच व्हायचा, आणि पुढे तोही बंद झाला.

"मीन नाव ठेवलं होतं," माय म्हणाली. "तुह्या बापाले नाही सांगतलं. तुह्या आत्यालेही नाही. ओठावर आनलं नाही मीन कदी. एवढी वर्सं."

तिने कुंडीकडे हात केला आणि म्हणाली, "मातीतून आली असंन. इथंच येऊन उभा राह्यतो ना तू, चक्कर आली का."

आता मला ते लिहावं लागणार आहे जे मी सुनंदालाही कधी सांगितलं नव्हतं. गाव सोडल्यावर मायने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती... सीताफळाखालची पायलीभर माती. मी डबा घेऊन मोटरसायकलने गेलो. गल्लीत पाणी शिरलं होतं, गुडघ्याइतकं. जाता आलं असतं. पण ते पाणी बघून माझा पाय पुढे पडला नाही. येताना कारध्याच्या अलीकडे सडकेच्या कडेची माती डब्यात भरली आणि तीच मायच्या हातात ठेवली. तिने त्यात मोगरा लावला आणि रोज संध्याकाळी त्याच्यापाशी बसायला लागली. मी रोज ते बघत आलो.

"माय," मी म्हटलं, "ते माती तिथली नाही."

"मालूम हाय."

तिने कुंडीतली चिमूटभर माती बोटांत चोळली.

"मुरूम होता थो. जिंदगीभर चिखलात धानाचा रोवना केला मीन. सांदवाडीतली माती अन् सडकेचा मुरूम वळखत नाही का मी? डबा देताना तू खाली पाहून राह्यला होता. म्हून नाही विचारलं." तिने पदर डोळ्याला लावला. "मंग काहून बसते मी इथं? कुठीतरी बसाव लागते, बाबू."

मी मोठा माणूस, पण तिच्या पायाशी बसून रडलो. ती डोक्यावर हात फिरवत राहिली. मग तो हात थांबला. आणि ती जे बोलली ते माझ्या मनातून जात नाही.

"मीन पोटात ठेवली तिले. रोज बसली. मले नाही बोलली कदी. तुलेच काहून बोलली?"

राग होता त्यात. मायचा माझ्यावर राग मी आयुष्यात फार वेळा पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर ती माझ्या खोलीत आली आणि पलंगावर आडवी झाली. म्हणाली, "लाव मले थे मशीन."

मी नाही म्हटलं. एकाचं प्रेशर दुसऱ्याला लावायचं नसतं, हे मीच गिऱ्हाइकांना सांगतो. तुम्हीही कधी करू नका. सुनंदाही म्हणाली, "माय, जीव घाबरंन तुमचा." माय तशीच पडून राहिली. शेवटी मी मास्क साबणाने धुतला, प्रेशर अगदी खाली आणलं आणि तो तिच्या नाकावर ठेवून पट्टे बांधले. तिच्या एवढ्याशा तोंडावर तो मास्क फारच मोठा दिसत होता. मी तिचा हात धरून बसलो. दहा मिनिटं झाली असतील. ती डोळे मिटून पडली होती, आणि डाव्या कानावरचे पिकले केस तिने स्वतःच मागे सारून ठेवले होते.

मग तिने खूण केली. मी मास्क काढला.

"हवाच हाय," ती म्हणाली. उठून आपल्या खोलीत गेली.

चार-पाच दिवसांत माझा दडा सुटला. चक्कर गेली. ते नाव पुन्हा कधी आलं नाही. डॉक्टर म्हणाले, स्प्रे लागू पडला. असेल. माझा मुलगा पुण्याला इंजिनियर आहे, तो म्हणाला, "बाबा, तुम्ही सात वर्षांचे होतात, आजी कधीतरी झोपेत बोलली असेल, ते डोक्यात राहिलं." तेही असेल. मायला विचारलं, ती फक्त मान हलवते, नाही म्हणून. त्या नावाचं कारण मला सापडलेलं नाही आणि आता सापडेलसं वाटत नाही. नाव इथे लिहीत नाहीये, कारण मायने मनाई केली आहे. "नाव पयल्यांदा कागदावर नसते सांगत, कानातच सांगतेत," म्हणाली.

दडा सुटून आता सात महिने झाले. मी रोज दुपारी मशीन लावून झोपतो. उठून मास्क काढला की माय दारात उभी असते.

"बोलली का?"

"नाही, माय."

हो म्हणायला कितीसा वेळ लागतो! ती किती खूश होईल तेही मला माहीत आहे. पण तिच्याशी आता खोटं बोलवत नाही, आणि बोललो तरी तिला कळेल. ती मान हलवते आणि जाते. सगळे म्हणतात कान बरा झाला, सुटलास. मला रोज दुपारी झोपताना वाटतं, एकदा... एकदाच तो दडा पुन्हा बसू दे.