उंच असण्याचा फाऊल

बास्केटबॉलमध्ये उंच मुलीला धक्का लागतच नाही, ती फक्त धक्के देते, असं बऱ्याच लोकांना मनापासून वाटतं. कॉलेजमध्ये असताना हे मी इतकं ऐकलं की अजूनही कुणी म्हणालं ना, "तुझं काय बाबा, तुला हाईट होती," की माझं डोकं फिरतं.

मुलुंडच्या आमच्या कॉलेजात मुलींच्या टीममध्ये मी सगळ्यांत उंच. घरी आई मला नव्या सलवारी शिवून द्यायची आणि वैतागून मालवणीत म्हणायची, "पुरे झाला गो आता वाढणा!" मैदानावर तरी ही उंची कामाची, असं मला वाटायचं. आमची गार्ड, म्हणजे बॉल घेऊन पुढे येणारी, माझी मैत्रीण होती. गोवंडीहून यायची. जेमतेम माझ्या खांद्याला लागायची, पण बॉल तिच्या हाताला चिकटल्यासारखा असायचा. आमचं हुकमी काम एकच. तिच्या मागे लागलेल्या मुलीच्या वाटेत मी खांबासारखी उभी राहायची. याला स्क्रीन म्हणतात. ती मुलगी माझ्यावर आदळून अडकली की मैत्रीण सुटायची. त्या वर्षी याच्या जिवावर आम्ही सेमीफायनलपर्यंत आलो.

सेमीफायनल अंधेरीच्या एका कॉलेजात, त्यांच्याच टीमशी. सिमेंटचं कोर्ट, टळटळीत ऊन आणि डोक्यावरून खाली उतरणारी विमानं. पहिल्याच मिनिटाला कळलं की या मुली अडकतच नाहीत. मी स्क्रीनला उभी राहिले की त्यांच्यातली एक "स्विच!" ओरडायची आणि दोघी सरळ अदलाबदल करायच्या. मैत्रिणीच्या मागची माझ्यावर, माझ्यावरची मैत्रिणीवर. कुणी मोकळं सुटायचंच नाही.

पण या अदलाबदलीत त्यांची सगळ्यांत बुटकी मुलगी माझ्या वाट्याला आली होती, तेही रिंगच्या जवळ. खरं तर आमची चांदी व्हायला हवी होती.

पहिल्यांदा बॉल मिळाला तेव्हा माझी पाठ रिंगकडे होती. बुटकीने खालून माझ्या कोपरात हात अडकवला आणि लटकली. मी वळले तशी ती "आई गं!" करून सिमेंटवर बसली. शिट्टी वाजली. फाऊल माझा. दुसऱ्यांदा पुन्हा तेच, हुबेहूब. तिसऱ्यांदा तिने माझा शर्ट मुठीत धरला, बॉल सुटला, आणि तेव्हा मात्र शिट्टी नाही. मी रेफरीकडे बघितलं. तो म्हणाला, "एवढी मोठी आहेस, जरा सांभाळून खेळ ना." पायऱ्यांवर बसलेली त्या कॉलेजची पोरं "बुलडोझर, बुलडोझर" ओरडत होती. यावर कहर म्हणजे बेंचवरून आमचे खेळाचे सर ओरडले, "हळू गं! जरा नाजूकपणे खेळ!"

नाजूकपणे! मुलांच्या टीमला हे सर "तोडून टाका" म्हणायचे.

त्यानंतर सरांनी सांगितलं, हिला आत बॉल देऊच नका. मग आमच्या मुली लांबून मारत बसल्या. उन्हात रिंगवर बॉल आपटून परत येत होता. हाफटाइमला आम्ही चांगल्याच मागे होतो आणि मधे असाच अजून एक धरून माझ्या नावावर तीन फाऊल होते. पाच झाले की खेळाडू बाहेर.

सर म्हणाले, "तू बस आता. आपण बाहेरूनच खेळू."

माझा आवाज चढला. "का बसू? ती माझ्या हाताला लटकते आणि फाऊल माझा? उंच असणं हा फाऊल आहे का?"

"रेफरीशी भांडून काय मिळणार आहे?"

"मी तुमच्याशी भांडतेय, सर."

मैत्रीण बुटाची नाडी बांधत होती. वर न बघताच ती म्हणाली, "सर, हिला बसवलं तर त्यांना हवं तेच होईल. त्यांनी आपल्याला एक नाही, दोन जागा दिल्यात. बुटकी हिच्यावर आहे, हे झालं एक. पण आधी हिच्यावर असलेली त्यांची ती लंबू माझ्यासमोर बाहेर येते. तिचे पाय बघितलेत? जड आहेत. मी तिला वळवून आत घुसू शकते. आणि लंबू बाहेर आली की रिंगजवळ उरलंय कोण?" मग माझ्याकडे वळली. "तू बॉल घेऊन मागे ढकलत बसतेस ना, तेवढ्यात ती लटकते. आधीच रिंगखाली जागा धर. दोन्ही हात वर. मी वरून टाकते. घेतलास की लगेच मार, खाली आणूच नकोस."

मी म्हटलं, "अजून एक. त्या 'स्विच' ओरडतात ना, तेव्हा क्षणभर मी कुणाचीच नसते. स्क्रीनला थांबलेच नाही आणि सरळ रिंगकडे पळाले तर?"

"झकास! पळ ना मग."

सर घड्याळाकडे बघत म्हणाले, "करा काय ते. चौथा फाऊल झाला की मात्र काढणार."

दुसऱ्या हाफमध्ये मैत्रिणीने त्या लंबूची वाट लावली. डावीकडे खांदा टाकायचा, उजवीकडून निसटायचं. ते बघून माझ्यावरची बुटकी तिला अडवायला धावली की बॉल वरून माझ्या हातात. बुटकी धावली नाही की मैत्रिणीचीच बास्केट. काहीही केलं तरी त्यांचं नुकसान. पायऱ्यांवरची पोरं शांत झाली.

शेवटाकडे आम्ही बरोबरीत आलो आणि बुटकी पुन्हा पडली. माझे दोन्ही हात वर होते. तरी शिट्टी वाजली, चौथा फाऊल! "सर, हात बघा माझे!" मी हात वर ठेवूनच रेफरीवर ओरडले. मैत्रिणीने मला ढकलत लांब नेलं. आमचे सर बेंचवरून उठले, पण मी त्यांच्याकडे असं काही बघितलं की ते परत बसले.

शेवटच्या मिनिटाला मी स्क्रीनला निघाले. "स्विच!" ऐकू आलं आणि मी थांबलेच नाही, सरळ रिंगकडे धावले. त्या दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. बॉल हवेतच माझ्या हातात आला. एका बास्केटने आम्ही जिंकलो.

रेफरी पाण्याच्या टाकीपाशी तोंड धूत होता. मी गेले आणि विचारलं, "ती माझ्या हाताला लटकत होती, दिसलं नाही तुम्हाला?"

तो शांतपणे म्हणाला, "नाही दिसलं. मी मागे असतो, तुझी पाठ मध्ये येते."

"मग जागा बदला ना तुमची!"

तो रुमालाने तोंड पुसत निघून गेला. माणूस वाईट नव्हता, याचाच मला जास्त राग आला. न दिसलेल्या गोष्टीवर त्याने मोठ्या खात्रीने शिट्टी वाजवली होती.

फायनल आम्ही हरलो. तरी कॉलेजने सत्कार ठेवला. स्टेजवर प्राचार्य म्हणाले, "आपल्या मुलींना उंचीचा फायदा मिळाला!" टाळ्या पडल्या. शेजारी उभी असलेली मैत्रीण हळूच म्हणाली, "कुणाच्या गं? माझ्या?" सेमीफायनलच्या दुसऱ्या हाफमधल्या बहुतेक बास्केट तिच्या होत्या.

मग फोटोची वेळ आली. प्राचार्य मागच्या ओळीत मधोमध उभे राहिले. फोटोग्राफर म्हणाला, "उंच मॅडम, तुम्ही मागच्या ओळीत." मी ऐकलं नाही. मैत्रिणीचा हात धरून पुढच्या ओळीत, बरोबर मध्यभागी, ताठ उभी राहिले. तो फोटो कॉलेजच्या जिन्यात बरीच वर्षं लावलेला होता. त्यात प्राचार्य दिसत नाहीत.