फादरांची अकोल्याची गाडी

वाशीम स्टेशनावर मी तिकिटं द्यायचो. आमच्याकडचे गोरे फादर मधूनमधून अकोल्याला जायचे. लोकांच्या पापांची कबुली ऐकून ते माफी द्यायचे, पण त्यांची स्वतःची ऐकायला पाद्री अकोल्यालाच होता. जाताना गप्प असायचे, येताना माझी थट्टा करायचे. पाप इतक्या सोप्यात उतरतं, याचा मला रागच यायचा.

एकदा प्रार्थनेला जमलेल्या लोकांसमोर त्यांनी चर्चमधला चांदीचा प्याला हरवला म्हणून आपल्या स्वयंपाकीणबाईंना चोर म्हटलं. तो प्याला नंतर फादरांच्याच पेटीत सापडला. ते अकोल्याला निघाले, तर बाई त्यांची विसरलेली शिदोरी घेऊन फलाटावर आल्या.

फादरांनी डब्याच्या पायरीवरूनच हात जोडले. “बाई, मले माफ करा.”

“चोर म्हनलं ते साऱ्या लोकायसमोर. माफी इथं कायले मांगता?”

गाडीनं शिट्टी दिली. फादर खाली उतरले आणि शिदोरी घेऊन बाईंच्या मागं गावाकडं चालू लागले.