डिंकासकट दोन मिलिमीटर

आता काय सांगू, स्वतःच्या हातानं स्वतःचा पोपट करून घेणारा माणूस बघायचा असेल तर लांब जाऊ नका. तुमच्यासमोर बसून चहा पितोय.

दुष्काळाचं दुसरं वर्ष. ऊसच नाही, तर आमचा सहकारी साखर कारखाना चालणार कशावर? मी तिथं वजनकाट्यावर क्लार्क. रिकाम्या साखर गोदामात टेबल टेनिसचं टेबल टाकलं आणि आम्ही सगळे खेळाडू झालो! मग जिल्ह्यातल्या सहकारी संस्थांची स्पर्धाही तिथंच भरली, आणि मी चक्क फायनलला. कारखान्याला पहिलावहिला कप मिळणार, तोही माझ्या हातून! मला झोप लागते होय?

समोर आष्टीकडच्या एका दूध संस्थेचे दत्तूभाऊ. पन्नाशीचा शांत माणूस. पण त्यांच्या बॅटीचं रबर दाणेवालं, दाणे बाहेरच्या बाजूला. त्यावरून आलेला चेंडू कुठं वळेल ते देवालाही कळत नसे. सेमीफायनलला आमच्या हेड अकाउंटंटना त्यांनी पार रडवलं होतं.

मग मी काय केलं? नियमांचं पुस्तक काढलं आणि पंचांना, म्हणजे सिरसाळ्याच्या जाधव सरांना, लेखी अर्ज दिला. ‘बॅट मोजावी. नियमाबाहेर निघाल्यास खेळाडूस तात्काळ बाद करावे.’ खाली झोकात सही!

"कावून एवढं?" दत्तूभाऊ म्हणाले. "मोजा की. आपल्याला काय भ्या हाय?"

आधी दाणे. एका चौरस सेंटीमीटरमध्ये दहा ते तीस चालतात. पेन्सिलीचं टोक ठेवून मोजले, वीस भरले. मी नाराज. मग जाडी! दाणेवालं साधं रबर डिंकासकट दोन मिलिमीटरच्या वर नको. वर्कशॉपमधून व्हर्निअर आणला, बॅट त्याच्या जबड्यात धरली आणि ओरडलो, "दहा मिलिमीटर!"

गोदामात एकच गलका. आमच्या लोकांनी मला उचललंच. कुणीतरी हारही घातला. मी दोन शब्द बोलायला घसा साफ केला.

तेवढ्यात दत्तूभाऊ हळूच म्हणाले, "साहेब, ह्यात लाकूड बी आलं की. तुमी तर बैलगाडीसकट ऊस तोलला!"

अहो, वीस वर्षं मी भरल्या गाडीच्या वजनातून रिकामी गाडी वजा करतोय! लाजून मेलो. जाधव सरांनी दांड्याजवळचं उघडं लाकूड मोजलं, साडेसहा. उरले साडेतीन, तेही दोन्ही बाजू मिळून, म्हणजे एका बाजूला पावणेदोन. बॅट एकदम नियमात.

"आता तुमची द्या," सर म्हणाले.

"माझी कशाला?"

"नियम दोघांला एकच हाय."

आता तुम्हाला म्हणून सांगतो. जुनं रबर खरवडायचं जिवावर आलं, म्हणून नवं मी त्याच्यावरच चिकटवलं होतं. माझ्या स्पंजवाल्या रबराला चार मिलिमीटरची मुभा. एकाच बाजूचं निघालं पाच! लाकूड वजा करून बरं का.

"सर, दुसरी बॅट घेतो ना!"

"मी घिऊ दिली असती वो," सरांनी माझाच अर्ज माझ्यासमोर धरला. "पन तुमीच लिवून दिलंय, तात्काळ बाद करावे. लई स्पष्ट अक्षर हाय तुमचं."

दत्तूभाऊ कप घेऊन गेले. फायनलला एकही चेंडू न मारता, स्वतःच्याच अर्जावर हरलेला खेळाडू बीड जिल्ह्यात मी एकटाच!